कोण लोक, दादा?

दादा, क्रेमॅटोरियममध्ये तुला सगळे जण ‘फेअर’ म्हणाले. एकामागून एक उठत होते, माइकपाशी जात होते आणि तोच एक शब्द काढत होते. तुझा ऑफिसातला मॅनेजर म्हणाला, तुझ्या हॉकी टीमचा कॅप्टन जेमी म्हणाला. महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष तर मराठीत सुरुवात करून इंग्रजीत घुसले आणि तेही शेवटी ‘फेअर’वरच येऊन थांबले. मी पहिल्या रांगेत मेधावहिनीशेजारी बसले होते. मला हसू यायला लागलं. वहिनीनं माझा हात दाबला, तिला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते रे. मला उठून सांगावंसं वाटत होतं की अहो, हा माणूस फेअर-बिअर काही नव्हता, हा भित्रा होता.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. अर्ध्या तासाचा तो स्लॉट, बाहेर पुढच्या अंत्यविधीची काळी गाडी येऊन उभी, त्यात आपलं भांडण कुठे बसवणार? म्हणून आता घरी बसून लिहितेय. तू वाचणार नाहीस हे मला माहीत आहे. जिवंतपणी तरी माझं कुठे काय ऐकलंस?

गेलास तोही असा. ड्राइव्हवेवर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतास आणि तिथेच खाली बसलास. वहिनी म्हणते, इंजिन चालू होतं, आतला हीटर लावलेला होता. जरा दम धरला असतास तर बर्फ आपोआप सुटला असता. पण तुला कुठला दम! डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच दुखावलेलं होतं, आज नाही तर उद्या हे व्हायचंच होतं. मला ते पटत नाही. मला तुझ्याशी त्यावरूनही भांडायचंय.

आणि आपण बोलत नव्हतो. शेफिल्डच्या मॅचपासून आपलं बोलणं बंद होतं. मधे एकदा वहिनीनं थालीपिठाची भाजणी पाठवली, तर तू डबा दारात ठेवलास आणि बेल न वाजवता निघून गेलास. मी वरच्या खिडकीतून बघत होते. तू गाडीत बसलास, वर पाहिलंस, मला पाहिलंस, आणि गाडी रिव्हर्स घेतलीस. आपली ही शेवटची भेट. त्या भाजणीची थालीपिठं केली मी, चांगली झाली होती. खाताना तुला शिव्या देत होते. तेव्हा तू होतास, म्हणून त्या शिव्यांची चव वेगळी होती.

*

सगळे म्हणतात, श्रीकांतनं काय कमाल केली, पुण्याचा मुलगा कॉव्हेंट्रीत येऊन युनिव्हर्सिटीच्या आइस हॉकी टीमचा कोच झाला. कमाल कसली! आपल्याला स्केट्स काय नवीन होते? चाकांचे होते एवढंच. पुण्यातला तो सिमेंटचा रिंक, तिथली रोलर हॉकी, पडलं की गुडघ्याला लावायचं ते लाल औषध. तू फॉरवर्ड आणि मी गोलमध्ये. मुली खेळतात का गोलमध्ये, असं म्हणणारे पण तिथेच कठड्यावर बसलेले असायचे. मी त्यांच्या मुलांचे शॉट अडवून दाखवायचे, मग ते गप्प बसायचे.

तू कॅप्टन झालास त्या वर्षी मुंबईला टूर्नामेंट होती. टीम तू निवडायची होतीस, सरांनी तुझ्यावर सोडलं होतं. आणि तू मला वगळलंस. माझ्या जागी त्या जोश्यांच्या मंदारला घेतलंस, जो चेंडू आला की डोळे मिटायचा. मी घरी येऊन आकांत केला. तू शांतपणे पोहे खात बसला होतास. म्हणालास, “अंजे, तुला घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, बहीण आहे म्हणून घेतली.” आणि आई! आई म्हणाली, “बरोबर आहे त्याचं. दादा आहे तो, त्याला कळतं.”

मला मुंबईला नेलंस मात्र. पाणी द्यायला. तिथे कठड्याबाहेर तुझी बाटली धरून उभी राहिले मी, आणि मंदार डोळे मिटून एकेक गोल खात होता. हरून परत येताना तू मला वडापाव घेऊन दिलास. तुला वाटलं, मिटलं.

नाही मिटलं दादा. मी ते तुला पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही, कारण तू बाकी सगळ्या बाबतीत एवढा चांगला वागायचास की बोलायला तोंडच उरायचं नाही. लग्न होऊन आम्ही इथे आलो तेव्हा महिनोन्‌महिने तुझ्या त्या चिमुकल्या बॉक्स रूममध्ये राहिलो, तुझ्या कपाळावर एक आठी दिसली नाही. मला राउंडअबाउटवर गाडी चालवायला शिकवलंस. मी घाबरून मधेच ब्रेक मारला आणि मागच्यानं हॉर्न दिला, तर तू खाली उतरून त्या मागच्याशी भांडायला गेलास. बहिणीसाठी भर रस्त्यात भांडणारा माणूस तू. मग रिंकवर आलं की तुला काय व्हायचं?

माझ्या तन्वीला तू ती पाच वर्षांची असल्यापासून बर्फावर उभं केलंस. रविवारी सकाळी बाकीची मुलं ते आधाराचे प्लॅस्टिकचे पेंग्विन ढकलत चालायची, तू तिला पेंग्विन धरू दिला नाहीस. तिच्यासमोर उलटा-उलटा स्केटिंग करत जायचास, दोन्ही हात पुढे, पण तिला हात लावायचा नाहीस. ती पडली की म्हणायचास, “ऊठ, ऊठ, बर्फ गार असतो, बसायची जागा नाही ती.” ती खदखदून हसायची. मी बाहेर कॉफी घेऊन बसायचे आणि मनात म्हणायचे, माझ्या मुलीला माझ्यापेक्षा बरा दादा मिळाला. हे एक मला कबूल आहे, आणि याबद्दल मी तुझे आभार मानते. घे. मानले आभार.

*

आता पुढचं ऐक.

तन्वी इथल्याच युनिव्हर्सिटीत गेली, तुझ्याच टीममध्ये आली, आणि तुला तुझा जुना रोग परत जडला. घरात तू तिचा लाडका मामा. भाऊबीजेला तिच्या ताटात सगळ्यात मोठी करंजी टाकणार, तिच्या प्लेलिस्टवर नाचणार. रिंकच्या दारातून आत गेलं की ओळख नाही. सगळ्यांना नावानं हाक मारायचास, तिला ‘गोली’. गोलकीपर म्हणून गोली. कॅलमला मात्र कॅलम.

कॅलम आपला दुसरा गोलकीपर, तो स्कॉटिश ताडमाड मुलगा. गुणी पोरगा, त्याच्याबद्दल मला एक अक्षर वाईट बोलायचं नाही. त्यानं स्वतः मला सांगितलं होतं की अँजू, मी दोन नंबरलाच बरा आहे, तन्वी माझ्यापेक्षा चांगली खेळते. त्याच्या आईनं मला विचारलं होतं, तुमची मुलगी का नाही खेळत आज? बघ, ज्या बाईनं तक्रार करायची तीच विचारतेय!

पण तुझा तो आळीपाळीचा कारभार! एका रविवारी तन्वी, एका रविवारी कॅलम. फॉरवर्डच्या फळ्या दर मॅचला नव्या, कोणाला वाईट वाटायला नको म्हणून. पक, ती रबरी चकती, सुटली की पोरगं आधी मान वळवून बघायचं की आज आपल्या डावीकडे आहे तरी कोण. आणि मग सीझन असा गेला की एका रविवारी आपण पहिल्या नंबरच्या टीमला त्यांच्या रिंकवर जाऊन हरवलं, पोरं मिनीबसमध्ये घसा फुटेपर्यंत गात आली. पुढच्या रविवारी तळाच्या टीमनं, जिच्याकडे धड बेंच भरायला पोरं नव्हती, आपल्याला घरी येऊन धुतलं. लोक विचारायचे, ही एकच टीम आहे की दोन? जेमी बिचारा तुझ्याकडे यायचा, कोच, निदान एक फळी कायम ठेवू या का? तू म्हणायचास, “एव्हरीबडी गेट्स अ गो.” सगळ्यांना संधी. शाळेचं गॅदरिंग होतं का ते?

मी टीमची मॅनेजर. बेंचवरून बर्फावर जायचं दार उघडायचं-लावायचं काम माझं. तिथून मला सगळ्यात जवळून दिसायचं की गोल झाला की तन्वी काय करते. गोलकीपरनं गोल खाल्ल्यावर काय करायचं असतं, हे तूच आम्हाला शिकवलंस. पाणी प्यायचं, नेटचे खांब स्टिकनं ठोकायचे आणि पुढे बघायचं. झालं ते गेलं. तन्वी पाणी प्यायची नाही. ती बेंचकडे बघायची. आज काढतोय का मामा? आत्ता काढतोय का? अख्ख्या मॅचभर एक डोळा पकवर आणि एक तुझ्यावर. अशानं कोण खेळेल? तू तिची नजर चुकवायचास आणि हातातल्या पाटीवर काहीतरी रेघा मारत बसायचास.

शेफिल्डला आपण तीन-एकनं पुढे होतो. शेवटचा पिरियड. एक शॉट आपल्याच डिफेंडरच्या स्टिकला लागून वळला आणि आत गेला, तिथे साक्षात देव उभा असता तरी अडला नसता. मग नेटसमोरच्या गर्दीतून अजून एक. तीन-तीन. त्याआधी तिनं किती अडवले ते तू पाहिलं होतंस. तिनं बेंचकडे बघितलं. तू हात वर केलास.

“दार उघड, अंजे.”

मी उघडलं. माझं कामच ते. ती माझ्यासमोरून आत आली, हेल्मेट न काढता कोपऱ्यात बसली. कॅलम गारठलेल्या पायांनी आत गेला आणि आपण हरलो. कॅलमचं काय चुकलं? इतका वेळ बसवून ठेवलेलं पोर ते.

कार पार्कमध्ये मी तुला धरलं.

“का काढलंस तिला?”

“दोन गोल झाले. नियम सगळ्यांना सारखा.”

“सारखा? मागच्या वेळी कॅलमला चार होईपर्यंत ठेवलंस.”

“तो कॅलम आहे.”

“आणि ही कोण आहे?”

“ही आपली आहे,” तू म्हणालास, अगदी मला समजावण्याच्या सुरात. “अंजे, तुला कळत नाही. उद्या लोक म्हणतील, मामा आहे म्हणून खेळवतो.”

“कोण लोक?”

“असतात लोक.”

“नाव सांग. एकाचं सांग. जेमी? कॅलम? कॅलमची आई? ती स्टुडंट युनियनची बाई, जिला आपण सगळे एकमेकांचे कझिन वाटतो? कोण, दादा?”

तू खिशात किल्ली चाचपत राहिलास. तुला एक नाव सांगता आलं नाही. कारण ते लोक शेफिल्डला नव्हतेच, कॉव्हेंट्रीतही नव्हते. ते पुण्यात त्या कठड्यावर बसले होते, आणि त्यातले निम्मे आता वरही गेले असतील. त्यांच्यासाठी तू माझ्या मुलीला बसवलंस. मला बसवलं होतंस तसंच.

मग मी तुला म्हटलं, “तुला हरायची भीती वाटत नाही रे, तुला कोणी नाव ठेवेल याची वाटते. स्वतःचा शर्ट पांढरा राहावा म्हणून घरच्यांना चिखलात उभं करतोस.” तुझा चेहरा पडला. तू म्हणालास, “झालं तुझं बोलून?” आणि गाडीत जाऊन बसलास. झालं नव्हतं. अजून झालेलं नाही.

मोटरवेवर तन्वी मागच्या सीटवर हेडफोन लावून बसली होती. मला वाटलं झोपली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “आई, मामाला मी आवडतो नाही का?” तिचं मराठी असंच, घरच्यापुरतं. एरवी मी तिला टोकते. त्या दिवशी नाही टोकलं. मी म्हटलं, “आवडतेस गं. खूप आवडतेस.” ती म्हणाली, “देन व्हाय?”

*

तुझ्या तेराव्याला सगळी टीम घरी आली. इतकी लांबरुंद पोरं वहिनीच्या कार्पेटवर मांडी घालायचा प्रयत्न करत बसली होती. कॅलमचे पाय मावेनात. वहिनीनं सगळ्यांना वरण-भात वाढला, जेमीनं लिंबाचं लोणचं तीनदा मागून घेतलं आणि प्रत्येक वेळी सॉरी म्हणाला. तुझा फोटो टीव्हीच्या जागी ठेवला होता, हार घातलेला. फोटोत तू हसतोयस. वहिनी म्हणाली, हा शेफिल्डच्या दोन आठवडे आधीचा, आपण जिंकलो त्या दिवशीचा. माझ्या मनात आलं, त्या दिवशी गोलमध्ये तन्वी होती. तिला तू काय म्हणाला होतास आठवतं? “बरं झालं.” एवढंच. पूर्ण सीझनमधला हे एकच मेडल तिच्या गळ्यात.

जेमी मला किचनमध्ये येऊन म्हणाला, “अँजू, लास्ट गेम. विल यू टेक द बेंच?” म्हणजे तुझ्या जागी मी कोच. शेवटची मॅच होती, आपल्याच रिंकवर. हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये, निदान बरोबरी झाली तर टिकलो. नवा कोच आणायला वेळ नव्हता. आणि तन्वीचं शेवटचं वर्ष. यापुढे ती खेळेल तर कुठल्यातरी ऑफिसच्या लीगमध्ये, हौस म्हणून. मी हो म्हटलं. मला वाटलं, आता बघ. आता दाखवते.

रात्री भांडी लावताना तन्वी म्हणाली, “आई, कॅलमला टाक.”

“का?”

“त्याची टर्न आहे. अँड... यू नो. इट विल लुक बॅड. कोचची मुलगी. लोक म्हणणार.”

हातातली ताटली मी खाली ठेवली. दादा, लोक म्हणणार! इंग्लंडमध्ये जन्मलेली, इथेच वाढलेली ही मुलगी. हिला पुण्याचा रिंक फोटोत दाखवला तरी ओळखता यायचा नाही. ते कठड्यावरचे लोक तू हिच्याही डोक्यात आणून बसवलेस. तू गेलास आणि हे मागे ठेवून गेलास. तुला कळतं, असं आई म्हणाली होती! काय कळत होतं तुला?

मी तिला म्हटलं, “कोण लोक?” ती खांदे उडवून वर निघून गेली.

पण मला तुला खरंच शिव्या द्यायच्या आहेत त्या दुसऱ्याच एका दिवसाबद्दल. रविवारी चेंजिंग रूममध्ये, सगळी पोरं माझ्याकडे बघतायत, पाटीवर फळ्या लिहून झाल्या, मागच्या मॅचच्याच फळ्या, एकही बदल नाही, जेमी खूश. शेवटी गोलकीपरचं नाव लिहायचं. आणि माझा हात थांबला. माझा! जन्मभर ज्यासाठी तुझ्याशी भांडले तेच करताना अडले. कॅलमची आई वर स्टँडमध्ये बसली होती, तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तुझ्या मृत्यूनंतरही तुझं भूत माझ्या मनगटाला धरून होतं. तेव्हा तुझा जेवढा राग आला तेवढा शेफिल्डलाही आला नव्हता. मी दात-ओठ खाऊन लिहिलं, तन्वी. खडू असता तर मोडला असता.

कॅलम म्हणाला, “येस, अँजू.” आणि सगळ्यात आधी त्यानं टाळी वाजवली.

*

मॅच सुरू होऊन पुरता घाम आला नव्हता तोच पहिला गोल झाला. अगदी पुळचट शॉट, तिच्या पॅडखालून घरंगळत आत गेला. तन्वीनं पाणी घेतलं नाही. तिनं बेंचकडे बघितलं. मी पाटीकडे नाही बघितलं, तिच्याकडेच बघितलं. स्टिकनं खांब ठोकल्याची खूण केली. तिला कळलं की नाही कोण जाणे.

पहिला पिरियड संपायच्या आत दुसरा. आणि हे ऐक, दादा, कॅलम माझ्या बाजूला उठून उभा राहिला आणि त्यानं हेल्मेट चढवलं. मी एक शब्द बोलले नव्हते. कोणीच बोललं नव्हतं. दोन गोल झाले की हेल्मेट, इतकं तू त्यांना पढवून ठेवलं होतंस. नेटमध्ये तन्वीनं मास्क वर केला आणि ती सरळ बेंचच्या दाराकडे निघाली. निघाली रे! बोलावल्याशिवाय. बर्फावरून स्केटिंग करत येत होती, मान खाली घालून, तिचीच चूक असल्यासारखी.

मी दाराकडे गेले. सगळ्यांना वाटलं उघडायला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

ती कठड्यापलीकडे येऊन थांबली. “आई, दार.”

“नाही.”

“आई, टू गोल्स.”

“मला मोजता येतं. जा परत.”

“एव्हरीवन इज वॉचिंग!”

“बघू देत. तिकीट काढून आलेत का? जा. पाणी पी, खांब ठोक, पुढे बघ. आणि यापुढे मान इकडे वळवलीस तर याद राख. पाच झाले, दहा झाले, तरी मी हे दार उघडणार नाही.”

रेफरी शिट्टी वाजवत होता. स्टँडमधून कोणीतरी हसलं. मला वाटलं, ती रडेल. मग तिनं मास्क खाली ओढला आणि गेली. कॅलमनं हेल्मेट काढून बेंचखाली सरकवलं. बाकीची पोरं कठड्यावरून उड्या मारून आत-बाहेर करत राहिली, मी काही त्या दारासमोरून हलले नाही.

दुसऱ्या पिरियडमध्ये जेमीनं एक गोल फेडला. मग अजून एक, कारण या वेळी डावीकडे कोण आहे ते पोरांना माहीत होतं. त्यांचा तिसरा झाला. आणि तेव्हा, दादा, तन्वीनं बाटली उचलली, पाणी प्यायली, दोन्ही खांब ठोकले, एक, दोन. बेंचकडे पाठ. मला तिचा चेहरा दिसला नाही, मला तिच्या जर्सीवरचं आपलं आडनाव दिसलं. आपलं, तुझं-माझं. तुला आठवतं, तिनं हट्ट करून वडिलांच्या आडनावाच्या आधी तेही लावून घेतलं होतं? तू म्हणाला होतास, कशाला उगाच, लोकांना कळेल. मला तेव्हा दाराला टेकून रडू आलं. क्रेमॅटोरियममध्ये नाही आलं ते तिथे आलं. कॅलमनं टॉवेल दिला, गोलकीपरचा, घामट वासाचा. मी त्यातच नाक पुसलं.

शेवटी आपणही तिसरा मारला, तीन-तीन. टिकलो. शेवटच्या काही मिनिटांत तिनं काय काय अडवलं ते तुला सांगायला हवं, पण तू विचारशील तेव्हा सांगेन. तू विचारणार नाहीस. जेमीनं तिला उचललं, ती इतकी जड सगळ्या पॅड्ससकट. वहिनी वरून हातवारे करत होती. मी इकडेतिकडे बघितलं. मला तू हवा होतास, एका मिनिटासाठी, फक्त तोंडावर बोलायला, की बघ! चुकलास! मी जिंकले हे भांडण आणि ज्याच्याशी जिंकायचं तोच नाही. असं कोणी करतं का?

आणि आता शेवटचं. तुला हे सांगण्यासाठीच बसले आहे.

सामान गाडीत भरत होते, तेव्हा पाहुण्या टीममधल्या कोणाचे तरी वडील बाजूनं गेले. हरले नव्हते, पण घुश्शात होते. थांबले आणि म्हणाले, “ती गोलकीपर... तुमची मुलगी का? कोचची मुलगी. हं. तरीच दोन गोल खाऊनही काढली नाहीत.”

दादा, ते वाक्य बोललं गेलं! ज्या वाक्याला तू जन्मभर घाबरलास, ज्याच्यासाठी मला बसवलंस, तन्वीला बसवलंस, टीम खड्ड्यात घातलीस, ते अखेर एक माणूस माझ्या तोंडावर बोलला. मी डिकीवर हात ठेवून वाट बघत राहिले की आता काय होतं. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. पार्किंगमधल्या गाड्या चालू-बंद होत होत्या. कोणीतरी चिप्स खात होतं.

मी म्हटलं, “हो. माझी मुलगी आहे.”

तो म्हणाला, “ओके,” आणि गेला.

एवढंच होतं रे ते. ‘हो’ म्हणायचं आणि डिकी लावायची.

मुंबईलाही एवढंच करायचं होतं तुला. कोणीतरी विचारलं असतं, तू म्हणाला असतास, हो, बहीण आहे माझी. ऐकायला मी तिथेच उभी होते, दादा. तुझी पाण्याची बाटली धरून.